न अडखळता

त्या उन्हाळ्यात विहिरींनी तळ दाखवला, आणि त्याच आठवड्यात शाळेनंही. तपासणीचे साहेब चौथीच्या वर्गात शिरले, हाताशी आलेल्या पोराला उठवलं आणि पुस्तक पुढं केलं. पोरानं बोट टेकवलं. कडक झालेल्या जमिनीतून हरळी उपटावी तसं ते एकेक अक्षर उपटायला लागलं, आणि ओळीच्या टोकाला पोचेपर्यंत ओळीची सुरुवात विसरून गेलं. साहेबांनी दुसऱ्याला उठवलं. तिसऱ्यानं तर पुस्तक हातात घ्यायच्या आधीच गळा काढला.

"बाई," साहेब बाहेर येऊन रुमालानं मान पुसत म्हणाले, "पट आधीच कमी. त्यात हे असं. ही शाळा नदीपलीकडच्या शाळेत मिळवून टाका, असं वर चाललंय. मी काय बोलू सांगा."

"पलीकडे कोण पाठवणार साहेब? खडीचे ट्रक धावतात त्या रस्त्यानं. खाणीवरच्या पोरी तर घरीच बसतील."

"मग काहीतरी करून दाखवा. कृतिसंशोधन करा. पोरं सुधारली असं दिसू दे, मग मलाही तोंड उघडता येईल."

साहेब गेले. बाईंनी रडणाऱ्या पोराचं नाक पुसलं आणि त्याला घरी सोडून दिलं.

घरी पुढच्या खोलीत नवरा जळालेली मोटार उघडून बसला होता. विहिरी आटल्या की मोटारी हवा ओढतात आणि जळतात. त्यामुळं गावाला पाणी नव्हतं आणि नवऱ्याला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. तांब्याची काळी पडलेली तार तो पकडीनं ओढून काढत होता. घरभर वार्निशचा वास होता. बाईंनी पदर खोचला, चूल पेटवायच्या आधीच पोळपाट पालथा घातला आणि त्यावर कागद ठेवून लिहायला बसल्या.

पोरांना अक्षरं येत नव्हती असं नाही. पण ओळखण्यातच त्यांचा सगळा दम जायचा, अर्थाला काही उरायचं नाही. बाईंनी ठरवलं ते साधंच होतं. एक उतारा आधी आपण वाचायचा, मग पोरांनी आपल्याबरोबर, मग जोडीजोडीनं एकमेकांना; पुन्हा पुन्हा, जीभ सैल होईपर्यंत. आणि शनिवारी प्रत्येकाला एक कोरा उतारा द्यायचा, कधीच न बघितलेला. तो किती वाचला, कुठं अडलं, ते टिपायचं. खरी मेख त्या कोऱ्या उताऱ्यात होती. सरावाचा उतारा काय, कुणीही घडाघडा म्हणेल.

"काय गं सूनबाई, पोळपाटावर काय लाटतेस?" नाना दारात उभे होते.

नाना म्हणजे सासरे. गावासाठी गुरुजी. अर्ध्या गावाला त्यांनी वाचायला शिकवलं होतं, बाईंनाही. बाई त्यांच्याच वर्गात पहिल्या रांगेत बसायच्या. शिंप्याची पोर, पण खणखणीत वाचायची. 'ही पोर माझ्या घरात यायला पाहिजे,' असं नाना म्हणाले आणि तसं झालं. लग्नानंतर सासूबाईंनी नाक मुरडलं तरी पुढं शिकायला धाडलं तेही नानांनीच. आपल्या अंगावर जे काही बाई म्हणून आहे ते या माणसानं शिवलंय, असं त्या मैत्रिणींना सांगायच्या.

बाईंनी सगळं समजावून सांगितलं. नानांनी डोळे मिटून ऐकलं.

"अडचण एकच आहे," बाई म्हणाल्या. "ऊन वाढल्यामुळं शाळा सकाळचीच, तेवढ्या वेळात गावातल्या पोरांचाच सराव होईल. खाणीवरची पोरं दुपारी आईबापाच्या हाताखाली जातात. त्यांचा सराव कुणी घ्यायचा? मी दुपारी पाण्याच्या मागं असते."

"मी काय मेलोय?" नाना म्हणाले. "ओटा आहे, सावली आहे, आणि हा रिकामा म्हातारा आहे. दे पाठवून."

बाईंच्या डोळ्यांत पाणीच आलं. नवऱ्यानं आतून ओरडून विचारलं, "स्वयंपाक आहे का संशोधनच वाढणार आहेस आज?"

दुसऱ्या दिवशी बाई खाणीवर गेल्या. आया खडी फोडत बसल्या होत्या. पायाच्या बोटांत दगड धरायचा, हातोडी मारायची, डोळे आकसून घ्यायचे. पोरं द्या म्हटल्यावर कुणी मान वर करेना. शेवटी बाईंनी सौदा केला. टँकर त्यांच्या घरासमोरच थांबायचा. जे पोर ओट्यावर वाचायला येईल ते जाताना घागर भरून नेईल, रांगेत उभं राहायचं काम नाही. हातोड्या थांबल्या.

"माझी घेऊन जावा," एक किरकोळ बाई म्हणाली. तिची पोरगी तिच्यासारखीच काटकुळी, सगळे तिला चिमणी म्हणायचे. "पण बाई, खरंच येईल का हिला वाचायला? का आपलं पाण्यापुरतं?"

"येईल," बाई म्हणाल्या. "माझा शब्द."

मग दिवस कामाला जुंपले. सकाळी वर्ग, दुपारी टँकरची झटापट, भांडी, कपडे, सासूबाईंचे गुडघे. बाई गर्दीतून कोपरं मारत पाणी भरायच्या आणि कान ओट्याकडे ठेवायच्या. नानांचा भरडा आवाज यायचा, मग पोरांचा; रांगेच्या कालव्यात शब्द मात्र लागायचे नाहीत. वर्गात बाई जी गावातली पोरं घेत होत्या ती हळूहळू सुधारत होती. कधी पुढं, कधी तिथंच, पावशेरानं. पण ओट्यावरची पोरं! शनिवारी कोरा उतारा हातात दिला की ती वाचतच सुटायची. बाईंनी स्वतः रचलेली गोष्ट होती, म्हशीला आरसा सापडतो ती. चिमणी उभी राहिली, कागद पोटाशी धरला आणि एका दमात वाचून गेली. 'म्हैस म्हणाली, ही कोण काळी बया माझ्याकडं डोळे वटारून बघतेय?' अगदी ठसक्यात. मधे एका ठिकाणी ती जरा थांबून खाकरली. नानाही असेच खाकरतात. पोरीनं गुरुजींची ढबसुद्धा उचलली म्हणून बाई हसल्या. "येतं की गं तुला," म्हणाल्या.

त्यांना थोडं खुपलंही. आपण एवढं शिकलो, पण हात शेवटी नानांचाच. तसं त्यांनी नानांना बोलूनही दाखवलं.

"अगं, हाताला वय लागतं," नाना म्हणाले आणि पान जुळवायला लागले.

साहेबांना कळलं. त्यांनी वर कळवलं. वरून उत्तर आलं की सगळ्या शाळांना दाखवायला असा नमुना पाहिजेच. बाईंनी मुलांसकट प्रात्यक्षिक द्यावं. टँकरपाशी बायका जागा करून द्यायला लागल्या. "आमच्या गुरुजींची सून," असं कुणीतरी टँकरवाल्याला सांगितलं.

प्रात्यक्षिक तोंडावर आलं आणि चिमणी यायची बंद झाली. एक दिवस नाही, दोन दिवस नाही. बाई शाळा सुटल्यावर तशाच खाणीवर गेल्या. पत्र्याच्या शेडमध्ये चिमणीची आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. एका डोळ्यावर ओलं फडकं. चेहऱ्याची ती बाजू सुजून भोपळ्यासारखी झालेली. चिमणी पायाशी बसली होती. बाईंना बघून ती शेडच्या मागे पळाली.

"काय झालं गं?"

"कपची उडाली डोळ्यात." आईनं मान वळवली नाही. "दवाखान्यात दोन नळ्या दिल्या. एक डोळ्यात घालायची, एक हाताच्या जखमेवर लावायची. कंपाउंडर बोलला ते मी विसरले. म्हटलं, घरात वाचणारी आहे की." तिनं फडकं दाबून धरलं. "पोरीनं नळी हातात धरली आणि घडाघडा वाचून दाखवली. 'ही डोळ्याची, आई.' घातली. आग आग झाली. डॉक्टर म्हणाला, जखमेची घातलीस, बुबुळ भाजलं. दिसेल म्हणतोय, पण धुरकट."

बाई शेडमागे गेल्या. चिमणी दगडांच्या ढिगाआड गुडघ्यात डोकं घालून बसली होती. तिच्या हातातली, ओढणीत गुंडाळलेली नळी बाईंनी सोडवून घेतली. मोठ्या अक्षरांत छापलं होतं: फक्त बाहेरून लावण्यासाठी.

"हे काय आहे चिमणे?"

चिमणीनं बघितलं. बोट टेकवलं. "फ… क… फक…" आणि तिथंच ती थांबली. ओठ हलले, आवाज आला नाही. पहिल्या दिवशी वाचायची अगदी तसंच.

"म्हशीची गोष्ट वाचतेस ना तू? कोरी वाचलीस की."

"ती कोरी नव्हती बाई." पोरीचा आवाज आत गेला होता. "गुरुजी म्हणून घ्यायचे आमच्याकडून. शनिवारच्या आधी. कागद फक्त धरायचा, असं म्हणाले. बाईंना सांगायचं नाही, त्यांना आनंद होतो म्हणाले."

"मग आईला कशाला सांगितलंस, येतं म्हणून?"

चिमणीनं वर बघितलं. "तुम्हीच म्हणालात ना, मला येतं."

बाई घरी आल्या त्या थेट कपाटापाशी. कोरे उतारे त्या कपाटात कपड्यांखाली ठेवायच्या आणि किल्ली देवळीत. घरात कुणाला चोरायचं आहे काय, म्हणून. घडी नीट होती. नानांचा हात नीटनेटका होता.

नाना ओट्यावर आरामखुर्चीत होते. नवरा आत तार गुंडाळत होता.

"नाना, कोरे उतारे तुम्ही काढलेत?"

नानांनी पेपर खाली केला. "काढले."

"का?"

"खाली बस आधी. घामानं निथळतेस."

"का काढलेत?"

"शाळा राहायला पाहिजे की नको? तुझं नाव व्हायला पाहिजे की नको? पहिल्या आठवड्यातच कळलं मला. ही पोरं वाचायची नाहीत. पाठ मात्र करतात, पोपटासारखी. देवानं जे दिलंय ते वापरायचं."

"वाचली असती नाना. हळूहळू वाचली असती. माझ्या वर्गातली वाचायला लागलीत."

"तुझ्या वर्गातली घरातली पोरं आहेत गं. ही खडी फोडणारी माणसं. ह्यांच्या सात पिढ्यांत कागद नाही. वाचून काय करणार आहेत? दगडावर लिहिलेलं वाचणार?" नाना हसले, आणि बाईंना तो हसण्याचा आवाज ओळखीचा वाटला, वर्गात ते कुणा पोराकडे बघून असंच हसायचे आणि आपण पहिल्या रांगेत बसून त्यांच्याबरोबर हसायचो.

"त्या पोरीच्या आईचा डोळा गेलाय."

"ते माझ्यामुळं?" नाना सावरून बसले. "मी नळी वाचायला सांगितली होती?"

बाई आत वळल्या. नवरा मान खाली घालून तार गुंडाळत होता, एकावर एक, एक वेढाही चुकत नव्हता.

"तुला माहीत होतं?"

"अगं, ओट्यावर बसून ओरडतात पोरं. बहिऱ्यालाही ऐकू येईल."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू खूश होतीस," नवरा म्हणाला. "घरात जरा बरं चाललं होतं."

सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी नजर चुकवली, तेव्हा बाईंना कळलं की घरात फक्त आपणच अडाणी होतो.

प्रात्यक्षिकाला शाळेच्या आवारात तंबू ठोकला होता. आजूबाजूच्या शाळांतले शिक्षक आले होते, साहेब होते, साहेबांचे साहेब होते. नाना पहिल्या रांगेत, धुतलेल्या टोपीत. नवऱ्याला पंख्याची मोटार बघायला बोलावलं होतं, तो खांबाशी उभा होता. चिमणी नव्हती, ओट्यावरची बाकीची पोरं केस चपटे करून सतरंजीवर बसली होती. बाईंनी त्यांना सकाळीच वर्गात घेऊन सांगितलं होतं, आज कुणी वाचायचं नाही, कुणाची काही चूक नाही. पोरं गोंधळून बघत राहिली होती.

साहेबांनी चार कौतुकाचे शब्द बोलून बाईंना पुढं बोलावलं. बाईंच्या हातात कागद होता. तो त्यांनी उघडलाच नाही.

"ह्या संशोधनातली वर्गातल्या मुलांची प्रगती खरी आहे," त्या म्हणाल्या. "थोडी आहे, पण खरी आहे. ओट्यावरच्या मुलांची खरी नाही. त्यांना कोरे उतारे आधीच मिळाले. त्यांनी ते पाठ केले. मुलांचा दोष नाही. मी लक्ष ठेवलं नाही, हा दोष माझा. हा नमुना म्हणून कुठल्याही शाळेला दाखवू नका."

साहेबांच्या चेहऱ्याचा रंग उतरला. वरचे साहेब त्यांच्याकडे बघत होते.

"आधीच मिळाले म्हणजे? कुणी दिले?" वरच्या साहेबांनी विचारलं.

बाईंनी नानांकडे बघितलं. त्यांना नानांचं नाव घ्यायचं नव्हतं. नाना स्वतः उठतील, असं त्यांना खरोखरच वाटलं होतं. चूक करून लपवणाऱ्या पोराला नाना छडी मारायचे आणि कबूल करणाऱ्याला सोडून द्यायचे. ते ह्याच आवारात.

नाना उठले. टोपी सारखी केली. "साहेब, म्हाताऱ्याला माफी असावी," ते म्हणाले, त्याच भरड्या, गावाला पाठ असलेल्या आवाजात. "उतारे सूनबाईंनीच मला आणून दिले. म्हणाल्या, नाना, एवढे पाठ करून घ्या, शाळेचा प्रश्न आहे. मी जुना माणूस. संशोधन म्हणजे असंच असतं, असं वाटलं मला. आता त्यांचं मन खातंय, हे चांगलंच आहे. त्यांना सांभाळून घ्या."

बाईंनी खांबाकडे बघितलं. नवऱ्यानं पक्कड ह्या हातातून त्या हातात घेतली आणि पंख्याकडे मान वर केली.

मागून कुणीतरी म्हणालं, "गुरुजी कशाला खोटं बोलतील?" एवढंच. आणि मग तंबूत सगळे एकदम बोलायला लागले.

खुलासा मागवला गेला, बाईंनी तो दिला, तो कुठल्यातरी टेबलावर पडून राहिला. साहेबांना स्वतःची मान सोडवायची होती, म्हणून त्यांनी प्रकरण वाढू दिलं नाही. शाळा मिळवायचा विषय पुढच्या वर्षावर गेला. म्हणजे नानांचं म्हणणं एका अर्थी खरं झालं. शाळा तूर्त वाचली. गावात हे नानांनीच सगळ्यांना सांगितलं. टँकरपाशी बाई गेल्या की बायका बोलायच्या थांबायच्या, आणि घागर सरकवून घ्यायच्या.

"घरातलं चव्हाट्यावर नेलंस," नवरा म्हणाला.

"मी नाव घेतलं का कुणाचं?"

"घ्यायला काय राहिलं होतं?"

त्यानंतर बाईंनी नानांना पाणी दिलं, ताट दिलं, औषध दिलं. शब्द दिला नाही. नानाही बोलले नाहीत. पहिले काही दिवस ते ओट्यावर बसून कुणी येतं का बघायचे. मग आतल्या खोलीत खाट टाकून घेतली, दाराशी, पण आत.

बाई चिमणीच्या आईला ट्रकवाल्याच्या हातापाया पडून शहरातल्या दवाखान्यात घेऊन गेल्या. ट्रकच्या हौद्यात बसून दोघी गेल्या आणि आल्या. वाटभर आईनं फडकं डोळ्यावर दाबून धरलं होतं आणि बाईंनी तिचा खांदा. डॉक्टरनं तेच सांगितलं. धुरकटच राहील.

"तुम्ही शब्द दिला होता," उतरताना आई म्हणाली.

"दिला होता."

"गुरुजी म्हणतात, तुम्हीच त्यांना करायला सांगितलं."

"तुला काय वाटतं?"

आईनं उरलेल्या डोळ्यानं बाईंना नीट न्याहाळलं, दगड फोडायच्या आधी त्याची शीर बघावी तसं. "मला काय वाटायचंय. मला वाचता येत नाही," ती म्हणाली आणि शेडकडे चालायला लागली. चार पावलं जाऊन थांबली. "पाणी तर लागतंच. पोरगी येईल घागर घेऊन. बसली तर बसवा. नाही बसली तर ओढू नका."

शाळेला सुटी लागली. चिमणी यायची, घागर भरायची, ओट्याकडे न बघता जायची. बाई ओट्यावर एकट्याच एक पुस्तक उघडून बसायच्या आणि तिला हाक मारायच्या नाहीत. एका दुपारी टँकर उशिरापर्यंत आलाच नाही, आणि ऊन असं होतं की उभं राहणं शक्य नव्हतं. चिमणी घागर पालथी घालून तिच्यावर बसली. मग सरकत सरकत सावलीला आली. मग ओट्याच्या पायरीवर.

"हे पाठ करायचं?" तिनं विचारलं.

"नाही. आणि मला पण हे पाठ नाही. नवीन आहे."

चिमणीनं पुस्तक मांडीवर घेतलं. बोट टेकवलं. "ए… का… एका… रा… ना… रानात…" घाम तिच्या नाकाच्या शेंड्यावर जमला होता. दुसऱ्या ओळीत जोडाक्षर आलं. पोरगी थांबली. ओठ हलले, परत मिटले. ती मागे गेली, परत त्याच अक्षराशी आली, परत थांबली. बाईंनी मांडीवरच्या हातांची घडी घट्ट केली.

आतून, दाराजवळच्या खाटेवरून, नाना खाकरले. जन्माची सवय, कुणी अडलं की त्यांच्या तोंडून शब्द निघायचाच. "म्हा…" त्यांनी सुरुवात केली.

"नाना," बाई म्हणाल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. आवाज चढवला नाही, वळूनही बघितलं नाही. "अडू द्या तिला."

आत खाट करकरली आणि गप्प झाली. चिमणीनं एकदा दाराकडे बघितलं, एकदा बाईंकडे. मग मान खाली घालून बोट त्याच अक्षराखाली ठेवलं आणि ती तिथंच बसून राहिली. बाईही बसून राहिल्या.